नॉर्मल रिपोर्टांची फाइल

प्रस्तावना

आमच्याकडे काळजी फाइल घेऊन येते. टेबलावर ठेवली जाते तेव्हा फाइलचं बटण तुटलेलं असतं, कागद बाहेर डोकावत असतात. उघडली की सगळ्यात वर ताजा ईसीजी. त्याखाली जुने दोन, शाई इतकी उडालेली की रेघ आहे की नाही तेच कळू नये. मग टू-डी एको, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, मानेचा एक्स-रे, तीन वेगवेगळ्या लॅबचे थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा: नॉर्मल.

फाइलची मालकीण पंचेचाळीस-पन्नाशीची. छातीत धडधडतं, गॅस वर चढतो, हातापायांना मुंग्या येतात, मान-खांदे भरून येतात, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. ‘डॉक्टर, एवढे पैसे घातले, पण निघत काहीच नाही,’ हे सांगताना तिच्या आवाजात अपराधीपणा असतो, जणू काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या खुर्चीवरचे यजमान मग जरा पुढे वाकून म्हणतात, ‘तिला टेन्शन घ्यायची सवयच आहे हो.’

निदान बहुतेक वेळा या शेवटच्या वाक्यात असतं. पण बोलणाऱ्यानं ते तक्रार म्हणून बोललेलं असतं आणि ऐकणारा डॉक्टर, बाहेर बाकावर वीस पेशंट बसलेले असल्यामुळे, ‘रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका’ असं म्हणून गॅसची गोळी लिहितो. पेशंट उठतो. दोन महिन्यांनी फाइलमध्ये आणखी एक कागद वाढतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या गावातला फॅमिली डॉक्टर आहे. हे पुस्तक मी का लिहावं, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे: सतत काळजी करणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे सगळ्यात शेवटी पोहोचतो, आणि पोहोचला तरच. त्याआधी तो आमच्याकडे येतो, हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, पोटाच्या डॉक्टरकडे जातो, आयुर्वेद करतो, होमिओपॅथी करतो, कुणी सांगितलं म्हणून पत्रिका दाखवतो. या लांबच्या वळणाची किंमत पैशांत मोजता येते, वर्षांतही मोजता येते. ते वळण कमी कसं होईल, एवढाच या पुस्तकाचा विषय.

ते इतकं लांब का होतं? लाज, अज्ञान, डॉक्टरांची कमतरता ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती खरीही आहेत. मला त्यांच्याही आधीचं एक कारण दिसतं. आपल्या घरांत काळजीला मान आहे. मुलगा पुण्याला सुखरूप पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जी जेवत नाही, ती चांगली आई. मुलगी सातवीत असल्यापासून तिच्या लग्नाच्या खर्चापायी ज्याची झोप उडते, तो जबाबदार बाप. बिनघोर माणसाबद्दल आपण संशयानंच बोलतो: त्याला काय, कसली फिकीर आहे का! रक्तदाब वाढला तर घरात मीठ कमी होतं. काळजी वाढली तर आईचं कौतुक वाढतं. आता ज्या गोष्टीबद्दल कौतुक होतं तिच्यासाठी कुणी डॉक्टरकडे कशाला जाईल? पेशंट स्वतःही मनाशी तेच म्हणत असतो. मी काळजी करते म्हणून घर चाललंय. मी सोडली तर काहीतरी होईल. हा समज इतका आत रुजलेला असतो की उपचार म्हणजे आपलं प्रेम कमी करणं, असं काहींना प्रामाणिकपणे वाटतं.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मन काय काय रचू शकतं हे आपल्या वाडवडिलांनी ओळखलं होतं, यात शंका नाही. पण ही म्हण बहुतेकदा समोरच्याला गप्प करायला वापरली जाते.

दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ हा सिनेमा केला, स्मृतिभ्रंशावर ‘अस्तु’ केला, नैराश्यावर ‘कासव’. मराठी प्रेक्षकानं हे आजार पडद्यावर पाहिले, त्यांच्याविषयी घरी बोलला. काळजीवर सिनेमा काढायचा तर कॅमेऱ्यानं टिपायचं काय? बाई पोळ्या लाटते आहे. डबे भरले जातात, दूधवाल्याचा हिशेब होतो, पाहुण्यांना चहा होतो. सगळं वेळच्या वेळी, किंबहुना वेळेच्या आधीच. आतमध्ये पहाटे पाचपासून ‘समजा असं झालं तर?’ चालू आहे, हे तिच्याशिवाय कुणालाच दिसत नाही.

मग साधी काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? रेघ मारणं सोपं नाही, आणि वैद्यकशास्त्रालाही ती मारायला वेळ लागला. फ्रॉइडनं १८९५ मध्ये चिंतेचा आजार ‘नसांचा अशक्तपणा’ या मोठ्या गाठोड्यातून वेगळा काढला. सततच्या काळजीला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. आज आम्ही साधारणपणे असं पाहतो: सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी, एका नव्हे तर अनेक गोष्टींबद्दल काळजी, ती थांबवायची म्हटलं तरी थांबत नाही, आणि सोबत अस्वस्थपणा, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांतलं काही ना काही. विषय बदलत राहणं ही मोठी खूण आहे. मुलाची परीक्षा पार पडली की त्याची नोकरी, नोकरी लागली की त्याची मोटरसायकल, त्यानं चारचाकी घेतली की तिचे हप्ते. काळजीला विषय लागतो, पण ती विषयामुळे आलेली नसते.

२००६ मध्ये सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार झाली. डॉक्टर लोक तिला जीएडी-सेव्हन म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरशी बोलावं. ती भरायला तीन-चार मिनिटं लागतात आणि एंडोस्कोपीच्या मानानं ती अगदीच फुकट आहे. पण गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे, हेही लगेच सांगून ठेवतो; नाहीतर काळजी करणारा माणूस रोज सकाळी उठून प्रश्नावली भरायला लागेल. असे पेशंट मला माहीत आहेत.

शरीराचं म्हणाल तर त्यात ढोंग काहीच नसतं. धोका दिसला की ॲड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. समोर साप असेल तर हे सगळं उपयोगाचं. धोका फक्त डोक्यात असेल तरी शरीर तेवढंच इमानानं वागतं. जुन्या स्कूटरचा चोक ओढलेलाच राहावा, गाडी जागची हलू नये आणि इंजिन मात्र घरघरत पेट्रोल पीत राहावं, तसं ते होतं. श्वास भरभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की ‘हा ॲटॅकच’ असं वाटतं आणि श्वास आणखी भरभर होतो. म्हणजे ‘तुला काही झालेलं नाही’ हे घरच्यांचं वाक्य सरळसरळ चुकीचं आहे. झालेलं असतं, फक्त ईसीजीत येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पहिल्यांदा छातीत दुखलं, घाम आला, तर ते टेन्शन समजून घरी बसायचं नाही, आधी ईसीजी. वाढलेला थायरॉइड हुबेहूब चिंतेसारखा दिसतो, रक्त कमी असलं तरी धडधडतं, दम्याच्या काही औषधांनी हात थरथरतात, आणि दिवसाला आठ-दहा कप चहा पिणाऱ्याची धडधड बघायला मानसशास्त्र लागत नाही. तेव्हा तपासण्या कराव्यात. एकदा, नीट, एका डॉक्टरच्या सांगण्यावरून. तेच पुन्हा पुन्हा करत राहिलं की तपासणीही आजाराचाच भाग होऊन बसते: रिपोर्ट हातात पडल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी ‘मशीन बरोबर होतं ना?’ अशी शंका येते.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. पाहणीच्या वेळी शंभरातल्या सुमारे दहा-अकरा प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. बारा राज्यांत हे सर्वेक्षण झालं. त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपलं चित्र याहून फार वेगळं असेल असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. चिंतेचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतात, हे जगभर दिसून आलंय. पुरुषांचं दुखणं अंशतः वेगळ्याच नावाखाली जमा होतं. त्यांची काळजी रागाच्या रूपानं घरात शिरते किंवा संध्याकाळी बारमध्ये जाऊन बसते.

आता लाजेबद्दल. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार मोठी मनोरुग्णालयं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या या गावांची नावं आपण शिवीसारखी वापरली. मुंबईकडे ‘ठाण्याला पाठवा याला’, पुण्याकडे ‘येरवड्याला टाका’. त्यामुळे मानसोपचार म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उंच भिंत, गज आणि विजेचे झटके येतात. काळजीच्या आजाराचा या भिंतींशी जवळपास काही संबंध येत नाही. बहुतेकांना एक दिवसही भरती व्हावं लागत नाही. पण लग्नाच्या मुलीला सायकियाट्रिस्टच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं तर, ही भीती खरी आहे आणि तिची खिल्ली उडवण्यात अर्थ नाही. पुष्कळ लोक त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यात जातात. जाऊ द्यावं. उपचार मिळाल्याशी कारण.

मानसोपचारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीत नेमकं काय होतं ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीची काळजी करण्यातच तर आमच्या पेशंटची हयात गेलेली असते. म्हणून ते सविस्तर सांगतो.

तिथे कोच नसतो आणि कुणी तुम्हाला झोपवून बालपण विचारत नाही. टेबल-खुर्चीच असते. पहिली भेट साधारण अर्धा-पाऊण तास चालते, सरकारी दवाखान्यात कमी. त्रास कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त, झोप कशी, भूक कशी, वजन उतरलं का, पाळी, थायरॉइड, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. गोळ्यांची नावं आठवत नसली तर पाकिटं नेलेली बरी. मग एक प्रश्न हमखास येतो: कधी जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का? हा प्रश्न ऐकून बायका दचकतात, सोबतचे नातेवाईक तर त्याहून. तो सगळ्यांनाच विचारतात आणि विचारल्यानं असा विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं पेरला जात नाही. खरं उत्तर द्यावं. सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. त्यातही वावगं काही नाही. तुम्ही आत जे बोलाल ते गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो तुमचा हक्क म्हणून लिहून ठेवलाय. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं असं हाच कायदा म्हणतो. पण विमा मुख्यतः भरती झालेल्याला मिळतो आणि काळजीवाला भरती होत नाही, त्यामुळे या कलमाचं आमच्या पेशंटला फारसं सुख नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, पण निदान आणि औषध यांत काही उणं नसतं. रांगेत ओळखीचं कुणी भेटलंच, तर तेही त्याच रांगेत असतं.

गोळ्यांचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे, कारण गैरसमजही तिथेच जास्त. ‘मानसिक गोळ्या नकोत, सवय लागते’ असं ठामपणे सांगणाऱ्या माणसाच्या उशाशी अल्प्राझोलामची पट्टी सापडते. चार वर्षांपूर्वी कुणीतरी आठवडाभरासाठी लिहून दिलेली, तेव्हापासून ओळखीच्या मेडिकलमधून ‘झोपेची गोळी’ म्हणून आणलेली. सवय लागते ती या गोळीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घराण्यातल्या गोळ्या अर्ध्या-पाऊण तासात शांत करतात, म्हणून त्या आवडतात. अडचणीच्या काही दिवसांपुरत्या त्या उपयोगीही आहेत. पण महिनोन्‌महिने चालल्या की मात्रा वाढत जाते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, विसरायला होतं, आणि एकदम बंद केल्या तर काळजी दुपटीनं उसळते. अल्प्राझोलामचं नाव औषध कायद्याच्या एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही आणि विकल्यावर दुकानदारानं वहीत नोंद ठेवायची, असा नियम आहे. नियम कसा पाळला जातो ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

ज्या गोळ्यांना लोक घाबरतात त्या निराळ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही त्यातली नेहमीची नावं. यांची तशी चटक लागत नाही, पण त्या लगेच गुणही देत नाहीत. दोन ते सहा आठवडे लागतात. आणि इथेच घोटाळा होतो, कारण पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, क्वचित वाढलेली अस्वस्थता हेच आधी येतं. पेशंट तिसऱ्या दिवशी गोळी सोडतो आणि ‘मला सूट झाली नाही’ असं पुढची पाच वर्षं सांगत राहतो. डॉक्टरनं हे आधी सांगायला हवं. नाही सांगितलं तर पेशंटनं विचारायला हवं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं, कारण क्वचित जीव देण्याचे विचार वाढू शकतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक परिणाम आहे; त्याबद्दल नवराबायको दोघंही डॉक्टरपुढे अवाक्षर काढत नाहीत आणि गोळी मुकाट्यानं बंद होते. बरं वाटल्यावरही पुढे सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. मनानं एकदम बंद करायचं नाही.

गोळीखेरीजचा, आणि सौम्य त्रासात गोळीच्या आधीचा, उपचार म्हणजे बोलण्याचा. ‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. बोलण्याबोलण्यात फरक आहे. मैत्रिणीजवळ मन मोकळं केलं की हलकं वाटतं, ते हवंच. पण समुपदेशक तुमच्या विचारावर काम करतो. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. स्वतः एलिस तरुणपणी अतिशय बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी जाऊन बोलायचं स्वतःवर सक्तीनं लादून घेतलं. महिन्याभरात शंभरावर मुली झाल्या. जुळलं कुणाशीच नाही, पण नकारानं आकाश कोसळत नाही हे कळलं, असं ते सांगत. कि. मो. फडके यांनी या एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि मराठी माणसांपर्यंत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं ती कार्यशाळांमधून, नाटका-गाण्यांमधून घराघरांत पोहोचवली. साठच्या दशकात अमेरिकेतच ॲरन बेक यांनी विचारांवर काम करणारी दुसरी पद्धत घडवली. आज या दोन्ही घराण्यांच्या उपचारांना चिंतेच्या आजारात भक्कम पुरावा आहे.

एक उदाहरण घेऊ. मुलगी स्वारगेटहून कराडला यायला निघाली. सातला निघाल्याचा फोन आला. साडेआठला आईनं केला तर लागत नाही. खंबाटकी घाटात रेंज जाते, हे आईला माहीत आहे. तरी दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांपुढे दरीत पडलेली बस, ससूनमधला फोन, सगळं उभं राहतं. ती अकरा वेळा फोन लावते, नवऱ्याला लावायला सांगते, शेवटी डेपोत विचारायला पाठवते. पावणेनऊला मुलीचा फोन येतो: ‘अगं, झोपले होते.’ आता समुपदेशक काय करतो? तो ‘काळजी करू नका’ असं म्हणत नाही. फोन लागला नाही ही घटना. घाबरगुंडी हा परिणाम. या दोहोंच्या मध्ये काय होतं, ते तो आईकडूनच काढून घेतो: ‘माझ्या मुलीला काहीही होता कामा नये, आणि नाही झालं याची मला आत्ता, या क्षणी खात्री हवी.’ पहिला अर्धा भाग प्रत्येक आईची इच्छा. दुसरा अर्धा भाग हट्ट आहे, आणि तो जगात कुणाचाच पुरा झालेला नाही. मग गृहपाठ ठरतो. पुढच्या प्रवासात निघाल्यावर एक आणि पोहोचल्यावर एक, असे दोनच फोन. मधल्या वेळात मनात येईल ते वहीत लिहायचं, पण फोनला हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला आईचा जीव टांगणीला लागतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती मधला अर्धा तास मालिका बघते.

वही हे तर या आजारातलं स्वस्तातलं आणि चांगलं औषध. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये सुचवलं की काळजीला दिवसातली एक ठरावीक अर्ध्या तासाची वेळ आणि एक ठरावीक जागा द्यावी; एरवी मनात आलं की ‘संध्याकाळी सहाला बघू’ म्हणून पुढे ढकलावं. ऐकायला पोरकट वाटतं. करून पाहिलं की कळतं, सहा वाजता निम्म्या गोष्टी आठवतच नाहीत. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात काही वर्षांपूर्वी चिंतेचा आजार असलेल्या लोकांकडून त्यांच्या काळज्या लिहवून घेतल्या आणि त्या पुढे खऱ्या ठरल्या का, ते त्यांनाच तपासायला सांगितलं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला: नव्वद टक्क्यांहून अधिक काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. अभ्यास छोटा होता, तीसच्या आतबाहेर माणसं. पण हा हिशेब स्वतःच्या अक्षरात समोर आला की त्याचं वजन वेगळं असतं.

घरच्यांसाठी मी वेगळं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते जरा कडक आहे. वारंवार धीर देणं ही आपल्याला माणुसकी वाटते. या आजारात ते खतपाणी ठरतं. ‘काही नाही गं, सगळं ठीक आहे’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हटलं की एकविसाव्या वेळची गरज तयार होते. शिकागोत किंवा सिडनीत असलेली मुलं आईच्या समाधानासाठी घड्याळाचे काटे उलटसुलट करून दिवसाला चार व्हिडिओ कॉल करतात, स्वतः थकतात, आणि आईची काळजी तसूभर कमी होत नाही. यापेक्षा तिला घेऊन एकदा तज्ज्ञाकडे जाणं, किंवा निदान तिची वेळ घेऊन देणं, जास्त उपयोगाचं.

प्रत्येक काळजी हा आजार असतो, असं मात्र कुणी समजू नये. सोयाबीन हातचं गेलंय, सोसायटीचं आणि सावकाराचं दोन्ही देणं आहे, त्या शेतकऱ्याला विचार बदलायला सांगणं ही थट्टा होईल. त्याला पैसा, पाणी आणि भाव हवा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्या मुलाच्या काळजीतही खोटं काही नाही. पण खऱ्या संकटातल्या माणसाची झोप महिनाभर गेली, निर्णय घेता येईनासे झाले, की त्या संकटाशी लढायची ताकदही जाते; तिथे उपचार मदतीला येतात. कर्जमाफी आणि मानसोपचार यांतलं एक निवडायचं, असा हा प्रश्नच नव्हे.

माणसं पुरेशी नाहीत, हे खरं दुखणं. त्यावर एक दिलासा देणारा प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि संगात संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत, आरोग्यक्षेत्राशी आधी संबंध नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना ते भेटत, ताणाच्या साध्या भाषेत समजावत, श्वासाचे व्यायाम शिकवत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. खाजगी दवाखान्यांत फारसा फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही बऱ्यापैकी सुधारत होते. (यातून फॅमिली डॉक्टरच्या बाजूनं निष्कर्ष काढायचा मोह मला होतो, पण आवरतो.) नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांना हे काम शिकवलं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवून ते बोलणं सुरू करत. आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे: १४४१६ हा क्रमांक, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. गाव लहान असेल, कुणी पाहील ही भीती असेल, तर पहिलं पाऊल म्हणून याहून सोयीचं काही नाही.

देवधर्माबद्दल मला नेहमी विचारतात. जप, हरिपाठ, वारी यांनी ज्यांना स्वस्थता मिळते त्यांनी ते सोडायचं काही कारण नाही; श्वास मंदावतो, सोबत मिळते, दिवसाला घडी बसते. अंगारा-दोऱ्यावर पैसे घालून गोळी बंद करणाऱ्याशी मात्र मी भांडतो. विपश्यनेचं थोडं वेगळं. इगतपुरीचं केंद्र आपल्या अगदी जवळ, आणि ‘दहा दिवस मौनात बस, डोकं शांत होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यांचा अर्जच मानसिक आजाराची माहिती विचारतो, ती लपवू नये. ज्याचं मन आधीच पळत सुटलंय त्याला दहा दिवस त्या मनाबरोबर एकटं सोडणं प्रत्येकाला मानवेलच असं नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून क्रमानं वाचायची गरज नाही. स्वतःला त्रास असेल तर पहिल्या भेटीचं प्रकरण आधी वाचा. घरच्या माणसाला असेल तर घरच्यांचं. जीव द्यावासा वाटत असेल, किंवा तसं कुणी बोलून दाखवलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून १४४१६ लावा किंवा त्या माणसाला घेऊन थेट जवळच्या रुग्णालयात जा. त्याला एकटं सोडू नका. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. त्रास केव्हा सुरू झाला, दिवसात कधी वाढतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आजवर कोणत्या तपासण्या झाल्या, हे त्यांवर लिहावं, पानं फाडून डॉक्टरकडे न्यावीत. फाइल न्यायलाही हरकत नाही, पण टेबलावर आधी ही पानं ठेवा.